एचओ लेआउट : ११ आणि १३२ केव्ही लाइनींचे इन्सुलेटर, डीओ (ड्रॉप आउट फ्यूज), ताण… हा बारीक माल कसा करता?

तारेवरची_कसरत

नमस्कार मंडळी, नमनाला घडाभर तेल न घालता विचारते.

माझा मॉडेल रेल्वेचा लेआउट एचओ, म्हणजे खऱ्याच्या १:८७ मापाचा. एका टोकाला रूळ खिंडीतून बाहेर पडतात आणि तिथे त्यांच्या डोक्यावरून १३२ केव्हीची (किलोव्होल्टची) वीजलाइन आडवी जाते. एक टॉवर अल्याड, एक पल्याड, मधला गाळा ३४० मिमी. रुळांच्या डाव्या अंगाने लाकडी खांबांवरून ११ केव्ही चालते. स्टेशनामागे ती वळते आणि वळणाच्या पुढच्या खांबावर ट्रान्सफॉर्मर आहे. उजव्या अंगाला जुनी टेलिग्राफ लाइन, दहा-दहा इन्सुलेटरांच्या आडव्या हातांची. टॉवर स्टायरीन प्लॅस्टिकच्या पट्ट्या जोडून केलेत. लाकडी खांब रिक्स कंपनीचे आहेत, त्यांचे आडवे हात सुटे येतात हे सोयीचं पडलं. इथवर सगळं सुरळीत.

अडलंय ते बारीक मालापाशी. १३२ केव्हीच्या डिस्कचा (माळेतल्या एकेका चकतीसारख्या इन्सुलेटरचा) व्यास साधारण २५४ मिमी आणि दोन डिस्कमधलं अंतर १४६ मिमी. ८७ ने भागलं की २.९ आणि १.७ मिमी. दहा डिस्कची माळ धरली तर लांबी १७ मिमी. आकडे काढणं सोपं, वस्तू मिळणं कठीण. तयार किटमध्ये जी माळ येते ती एका साच्यातली, दोन्ही बाजूंनी चपटी आणि टॉवरलाच चिकटलेली. फूटभर अंतरावरून चालून जातं, पण माझे टॉवर लेआउटच्या पुढच्या कडेला आहेत, बघणाऱ्याचं नाक तिथेच येतं.

११ केव्हीचे पिन इन्सुलेटर, आडव्या हाताखालच्या तिरक्या पट्ट्या, ट्रान्सफॉर्मरवरचे फ्यूज, खांबाचे ताण (खांबाला जमिनीशी बांधणाऱ्या तिरक्या तारा), हे सगळंच हवंय. कुणी विकत घेता का, की घरी करता? आणि तारेला काय वापरता? लवचीक धागा (ईझी लाइन) माझ्याकडे आहे, पण तो ताणून बसतो, झोळच पडत नाही.

शेवटचं आणि खरं म्हणजे पहिलं : हे सगळं किती खोलात जाऊन करावं? टेलिग्राफचे खांबच एवढे आहेत की प्रत्येक हातावर दहा इन्सुलेटर म्हटलं की पोटात गोळा येतो.

---

रुळावर

ताई, रोखठोक सांगतो, रागावू नका. तारा लावूच नका. गाडी घसरली की हात आत घालावा लागतो, आणि हात घातला की पहिली तुटते ती तार. रूळ पुसताना तेच. खांब आणि इन्सुलेटर दिसले की बघणारा मनातल्या मनात तार जोडून घेतो. मी एन गेजवाला, १:१६० ला कुठलीही तार लावली तरी ती दोरखंडच दिसते.

---

जुना_लाइनमन

नोकरी लाइनवरच गेली, आता लाइन टेबलावर उभी करतो. त्यामुळे उत्तर थोडं लांब होईल, चहा घेऊन बसा.

आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येतो, कारण बाकीचं त्यावर ठरतं. वीजवाहिनी बघताना वायर बघू नका, ताण बघा. जिथे लाइन सरळ जाते तिथे खांबाला काम जवळजवळ नसतं, तार नुसती टेकलेली असते. आडवा हात, तीन पिन इन्सुलेटर, संपलं. जिथे लाइन वळते, संपते, फुटते किंवा रूळ ओलांडते तिथे सगळा ताण खांबावर येतो, आणि सगळा बारीक माल तिथेच गोळा झालेला असतो : डिस्क, जंपर, दुहेरी हात, ताणाच्या तारा, डीओ. तुमच्या लेआउटवर अशा जागा मोजक्याच आहेत. दोन टॉवर, वळणावरचा खांब, ट्रान्सफॉर्मरचा खांब आणि लाइन जिथे बोर्डाच्या कडेला संपते तो खांब. वेळ आणि डोळे तिथे खर्च करा. मधल्या खांबांकडे कुणी दुसऱ्यांदा बघत नाही.

आता हे खांब एकेक घेऊ.

११ केव्हीच्या सरळ खांबावर तार पिन इन्सुलेटरच्या माथ्यावरच्या खाचेत बसते. वळणावर, कोन थोडा असेल तर, ती मानेच्या खाचेत येते आणि तीही वळणाच्या बाहेरच्या बाजूला, म्हणजे ताणाने ती इन्सुलेटरवरच दाबली जाते. आत बसवली तर बांधणीची तार सुटली की लाइन खाली. मॉडेलमध्येही हेच करा, चिकटवलेल्या सांध्यावर ओढ येत नाही. कोन मोठा असेल, तुमच्या स्टेशनामागे तो तसा असावा असं वाटतंय, तर पिनवर भागत नाही. तिथे दुहेरी आडवा हात, दोन्ही दिशांना प्रत्येक फेजला एकेक डिस्क, आणि दोन डिस्कना वळसा घालून जाणारा जंपर. हा जंपर म्हणजे खाली लोंबणारा ढिला तुकडा. मॉडेलवाले नेमका हाच विसरतात, मग वीज डिस्कपाशी येऊन थांबते!

ताणाची तार वळणाच्या बाहेरच्या अंगाला, दोन्ही तारांच्या ओढीच्या बरोबर उलट दिशेला. त्यात मध्ये अंड्याच्या आकाराचा एक इन्सुलेटर असतो, जमिनीपासून हात पोचणार नाही इतक्या उंचीवर. आणि हा ताण शोभेचा करू नका. लवचीक धागा सतत ओढत राहतो, प्लॅस्टिकचा खांब महिन्या-दोन महिन्यांत वाकतो. ताणाची तार खरोखर बोर्डात रुतवून ताठ बांधली तर ती खांब धरून ठेवते. शेवटच्या खांबाच्या जागी मी तर सरळ पितळेची सळई घेतो आणि तिला लाकडासारखी रंगवतो.

खांबाची उंची तपासली का? चाळीस फुटी खांब पूर्ण लांबीचा लावलेला पुष्कळ ठिकाणी दिसतो. कुठे लांबीचा सहावा भाग जमिनीत घालतात, कुठे दहावा भाग अधिक दोन फूट. चाळीस फुटांना दोन्ही हिशेब सहा-साडेसहा फुटांवरच येतात. म्हणजे वर उरले सुमारे ३४ फूट, एचओत ११९ मिमी.

ट्रान्सफॉर्मरच्या खांबावर डीओ फ्यूज. त्याची नळी उभी नसते, वरचं टोक पुढे झुकलेलं असतं, कारण फ्यूज उडाला की नळीने आपल्या वजनाने खाली पडून लोंबायला हवं. म्हणून तर त्याला ड्रॉप आउट म्हणतात. नळी एचओत साडेतीन मिमीच्या आसपास. इंजेक्शनची बारीक सुई किंवा तारेचं आवरण कापून होते. तिरकी बसवा, बास. तीनपैकी एक लोंबती ठेवलीत तर लेआउटवर एक लाइनमन उभा करायला निमित्त मिळेल.

१३२ चे टॉवर. रूळ ओलांडताना बहुतेक ठिकाणी दोन्ही बाजूंना ताणाचे टॉवर घेतात, नुसते टांगणीचे नाहीत. म्हणजे तुमच्या माळा उभ्या लोंबणार नाहीत, तारेच्या रेषेत जवळजवळ आडव्या असतील. पुष्कळदा जोडीने असतात, एक तुटली तर दुसरी धरते. आणि खाली परत जंपर, इथे तो चांगला ऐसपैस. सर्वांत वरची तार म्हणजे अर्थवायर. तिला इन्सुलेटर नसतो, ती थेट टॉवरच्या शेंड्याला पकडलेली असते. शेंड्यावर डिस्क लावलेला मॉडेल टॉवर दिसला की माझा हात आपोआप पक्कडीकडे जातो.

आता 'रुळावर' यांच्याशी थोडं भांडतो. त्यांचं म्हणणं टेलिग्राफपुरतं शंभर टक्के मान्य. ती तांब्याची तार अडीच-पावणेतीन मिमीची असे. ८७ ने भागा, ०.०३ मिमी. माणसाचा केस त्याहून जाड. तुम्ही काहीही लावलंत तरी दोरखंडच होणार. सोडून द्या. पण ११ केव्हीला रॅबिट कंडक्टर धरला तर तो १० मिमीचा, एचओत ०.१२. १३२ ला पँथर, २१ मिमी, एचओत ०.२४. (ॲल्युमिनियमच्या कंडक्टरांना प्राण्यांची नावं आहेत, वीझल, रॅबिट, डॉग, पँथर, झेब्रा. नोकरीच्या पहिल्या दिवशी भांडारातून 'दोन ड्रम डॉग आण' म्हटल्यावर नव्या पोराचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा.) मोटर वाइंडिंगची तांब्याची तार ४० गेजची ०.१२ मिमी असते आणि ३४ गेजची ०.२३. म्हणजे या दोन लाइनींना मापाची तार अगदी सहज मिळते. जाड तारांच्या लाइनीला तार घाला, बारीक तारांची मोकळी सोडा. माझं मत विचाराल तर एवढंच धोरण पुरे.

---

सुईदोरा

काकांनी माझं अर्धं काम केलं. मी दागिने करते, नवरा गाड्या पळवतो, त्यामुळे घरातला इन्सुलेटर विभाग माझ्याकडे.

पिन इन्सुलेटरला काचमणी. मण्यांचे नंबर उलटे चालतात, नंबर मोठा तितका मणी लहान. १५ नंबरचा मणी दीड मिमीच्या आसपास असतो, ११ नंबरचा दोनच्या. खरा ११ केव्हीचा पिन इन्सुलेटर साधारण १५ सेंमी रुंद धरला तर एचओत १.७ येतो, म्हणजे १५ नंबरच घ्या. रंग अपारदर्शक तपकिरी किंवा पांढरा. चकाकीचा थर असलेले, आत चंदेरी असलेले अजिबात नकोत, दिव्याखाली ते दागिनाच दिसतात. ०.३ ची पितळी तार मण्यातून वर काढायची, टोकाला सुपरग्लूचा थेंब, खालचा भाग आडव्या हातातल्या भोकात. एका पाकिटातले मणीसुद्धा सारखे नसतात. आधी ताटलीत ओतून एकसारखे निवडून घ्या, बसवून झाल्यावर नको.

आडव्या हातात भोकं हातानं एका ओळीत पडत नाहीत. पितळेच्या पट्टीवर एकदाच नीट मोजून भोकं पाडायची आणि तीच पट्टी प्रत्येक हातावर चिमट्याने धरून त्यातून ड्रिल घालायचं. टेलिग्राफच्या दहा फुटी हाताची लांबी ३५ मिमी, पिना साधारण फुटाफुटावर, म्हणजे साडेतीन मिमी. तिथे मात्र मणी विसरा. काचेचा टेलिग्राफ इन्सुलेटर खऱ्यातच आठ सेंमीचा, एचओत मिलिमीटरच्या आत जातो. तारेचं टोक पांढऱ्या गोंदात बुडवून उलटं वाळवायचं, वाळलं की परत बुडवायचं. थेंब आपोआप घुमटासारखा होतो. मग वरून पारदर्शक निळसर हिरवा रंग एक हात. जुन्या काचेच्या इन्सुलेटरांचा तोच रंग. आणि काका म्हणतात तसं, पुढच्या कडेच्या खांबांनाच हे करा. मागच्यांना काडीच्या टोकाने ठिपके द्या.

आता तुमच्या माळा. मी दोन वस्तू आलटून पालटून ओवते : तीन मिमीची चकती आणि तारेच्या आवरणाचा तुकडा. चकती अर्ध्या मिमीच्या स्टायरीनची, पंचने पाडलेली. चामड्याचा पंच कडा दाबून टाकतो. पंच आणि डाय अशा जोडीने पाडलेली कड स्वच्छ येते. बाहुलीच्या कपड्यांना लावतात तशा तीन मिमीच्या सपाट टिकल्याही चालतात, वरचा मुलामा खरवडावा लागतो. आवरण १.२ मिमी जाडीच्या राखाडी वायरचं, आतली तार ओढून काढायची आणि ब्लेडने १.२ मिमीचे तुकडे. ०.५ आणि १.२ मिळून १.७, तुम्हाला हवं तेच अंतर. कापताना ब्लेडच्या पुढे १.२ वर एक अडथळा चिकटवा, सगळे तुकडे सारखे पडतात.

राखाडीच का, तर खऱ्या डिस्कच्या डोक्यावर लोखंडी टोपी असते, जस्ताचा लेप दिलेली. आवरण आधीच त्या रंगाचं असलं की फक्त चकत्या तपकिरी रंगवून ओवायच्या, मध्ये ब्रश फिरवायची कटकट नाही. स्टीलच्या ०.३ तारेवर ओवून दोन्ही टोकांना गोल कडी वळवली की माळ तयार, आणि तारेची ओढ सगळी त्या स्टीलवर जाते.

चकती सपाट वाटत असेल तर मऊ रबरावर ठेवून गोल टोकाच्या अवजाराने मधोमध दाबा, थोडी वाटीदार होते.

---

थर_दर_थर

वाचनखूण साठवली. आवरणाची युक्ती भारी आहे!

ज्यांच्याकडे रेझिन प्रिंटर आहे त्यांच्यासाठी. पडद्याचा एकेक ठिपका हल्ली ०.०५ मिमी किंवा त्याहून लहान असतो, त्यामुळे एक मिमीचा इन्सुलेटरसुद्धा खाचेसकट निघतो. पण खरा आकार जसाच्या तसा ८७ ने लहान करून छापला तर खाच रंगाखाली बुजते. खाचा दीडपट खोल काढा. भोकं नेहमी लहान येतात, आत रेझिन साचतं. ०.४ तारेसाठी ०.५ काढा आणि धुताना तार घालून मोकळी करा, कडक प्रकाशात सुकवल्यावर नाही.

अख्खी १७ मिमीची माळ एकसंध छापू नका. दिसते सुंदर, पण आरपार भोक तुंबतं, आणि भोकाविना छापली तर कायमची ओढ रेझिनवर येते, ते हळूहळू वाकतं किंवा एके दिवशी टकन तुटतं. टोपी आणि वाटी मिळून एक डिस्क सुटी छापा, खालून आधार टोपीला द्या म्हणजे व्रण दिसत नाही, आणि मग सुईदोरा ताईंसारखीच ओवा. एका प्लेटवर शेकडो बसतात, वेळ उंचीवर जातो, संख्येवर नाही.

आडव्या हाताखालच्या पट्ट्या मात्र छापू नका. ०.३ मिमीची छापील पट्टी बघितली तरी मोडते. ०.३ ची पितळी तार ऐरणीवर हातोडीने चपटी करा, किंवा स्टेपलरची पिन. आठ मिमी लांब, दोन्ही बाजूंना तिरकी.

---

तारेवरची_कसरत

अहो, एका दुपारी एवढं! सगळ्यांचे आभार. सुईदोरा, आवरणाच्या तुकड्यांची एक माळ करून बघितली आणि ती टॉवरच्या हातावर धरली तेव्हा टॉवर पहिल्यांदा खरा वाटला. 'रुळावर' दादा, टेलिग्राफ मोकळी सोडतेय, तुमचा अर्धा विजय.

काका, दोन गोष्टी. तांब्याची तार घेतली, पण झोळ कसा आणायचा? सैल सोडली की ती कुठेतरी एकाच जागी मोडते, ताणली की सरळ. आणि हात आत घालायचा प्रश्न उरतोच, धाग्याला तेवढं एक सुख आहे. शिवाय वाटीदार डिस्कची पोकळ बाजू कुठे? माझ्याकडच्या चित्रांमध्ये माळा उभ्या आहेत, आडवी एकही नाही.

---

जुना_लाइनमन

डिस्कचं आधी. टोपी टॉवरकडे, पोकळ बाजू तारेकडे. टांगणीच्या माळेत त्यामुळे वाट्या पालथ्या दिसतात, तुमच्या चित्रांमध्ये तसंच असेल. माळ आडवी केली तरी क्रम तोच, टॉवरकडून मोजायला सुरुवात करा म्हणजे गोंधळ होत नाही.

झोळ. लांबी मोजून तो येणार नाही, आणि का ते बघा. खऱ्या लाइनीत झोळ गाळ्याच्या दोनेक टक्के धरा, तुमच्या ३४० मिमीला ७ मिमी. एवढ्या झोळासाठी तार सरळ अंतरापेक्षा किती जास्त लागते? झोळाचा वर्ग गुणिले आठ, भागिले गाळ्याची तिप्पट. उत्तर ०.४ मिमीसुद्धा येत नाही. ब्लेडच्या एका कापाची चूक त्याहून मोठी. म्हणून लांबीच्या मागे लागायचं नाही, आकार आधी द्यायचा.

तांब्याची तार व्हाइसमध्ये एका टोकाला पकडा, दुसरं टोक पक्कडीत धरून सावकाश ओढा. एका क्षणी ती किंचित 'सुटल्यासारखी' हाताला लागते, तिथे थांबा. गुंडाळीचे सगळे वळसे गेलेले असतात आणि तार पहिल्यापेक्षा ताठ झालेली असते. मग प्लायवुडच्या तुकड्याची कड ७ मिमी झोळाच्या कमानीत घासून घ्या आणि तार त्या कडेवरून बोटाने हलकेच फिरवा. तांबं थोडं परत उसळतं, म्हणून कड हव्या त्या झोळापेक्षा जरा जास्त वाकडी ठेवा. एकाच साच्यावर तिन्ही फेज काढा. तीन तारा एकमेकींशी समांतर दिसल्या पाहिजेत, तिथे डोळा लगेच पकडतो. दोन-चार मिमी झोळ कमी-जास्त असेल तर कुणाला कळत नाही, पण तिघींपैकी एक वेगळी असेल तर सगळ्यांना कळतं.

अर्थवायर खालच्या तारांपेक्षा थोडी ताठ ठेवा, झोळ कमी. प्रत्यक्षातही ती तशीच ओढतात. मापाने ती ०.११ च्या आसपास, म्हणजे तुमची ४० गेजची चालेल.

दोन्ही टोकं पक्की करू नका. एक टोक माळेच्या कडीत घट्ट, दुसऱ्या टोकाला तारेचा बारीक आकडा करून नुसता अडकवा. लाकडी चौकट दमट-कोरड्या हवेत हलते आणि ०.४ मिमीचा हिशेब बिघडायला वेळ लागत नाही. आकडा असला की तार थोडी सरकते. हात घालायचा असेल तेव्हा आकडा काढून अख्खा गाळा बाजूला ठेवता येतो. ११ केव्हीच्या लाइनीवर, जिथे तुमचा हात रोज जाणार, तिथे लवचीक धागाच लावा. खांबांचे गाळे छोटे आहेत, झोळ दिसेल न दिसेल एवढाच असायचा. रुळावरच्या १३२ ला तांबं. दोन्ही एकाच लेआउटवर असले म्हणून काही बिघडत नाही.

रंग. वाइंडिंगच्या तारेवर लाखेचा थर असतो, रंग सोलून निघतो. बारीक पॉलिश पेपर दुमडून त्यातून एकदा ओढा, मग प्राइमर, मग फिकट राखाडी. चकचकीत चंदेरी नको, लाइन टाकल्यावर ॲल्युमिनियम लवकरच निस्तेज होतं. स्पंजचा तुकडा रंगात भिजवून त्यात तार धरून ओढली की एकसारखा थर बसतो, आकार द्यायच्या आधी. खांब बुंध्याशी काळपट तपकिरी आणि वर जाता जाता राखाडी, उन्हाने क्रिओसोट (लाकूड टिकवायला लावतात ते काळं तेल) वरून उडतं.

आणि इतकं करताय तर अजून एक. माळ संपते तिथून थोडं पुढे तारेच्या खाली एक छोटं डंबेल टांगलेलं असतं, स्टॉकब्रिज डॅम्पर. वाऱ्याने तार बारीक थरथरते आणि पकडीपाशी थकून तुटते, ती थरथर हे डंबेल खाऊन टाकतं. जॉर्ज स्टॉकब्रिज नावाच्या अभियंत्याने १९२० च्या दशकात काढलं, अजून तेच चालतं. एचओत जेमतेम पाच मिमी. ०.२ च्या तारेच्या दोन टोकांना सोल्डरचे थेंब, मध्ये पकड. प्रत्येक फेजला दोन्ही टॉवरांपाशी एकेक. अर्थवायरलाही असतो.

---

रुळावर

अर्धा विजय मान्य. डंबेलवाला फोटो टाका मात्र, एन गेजला सोल्डरचा थेंब किती लहान पडतो ते मी आज रात्री बघतोय.

---

सुईदोरा

दादा, एन गेजला थेंब नका पाडू, पसरतो. काळ्या धाग्याला गाठ मारा आणि गाठीवर सुपरग्लू. माळेचंही तेच, १.६ मिमीच्या चकत्या पाडत बसण्यापेक्षा त्या मापाची स्टायरीनची सळई मिनी ड्रिलमध्ये धरून तिकोनी कानशीने ०.९ वर खाचा घ्या. ड्रिल अगदी हळू, नाहीतर प्लॅस्टिक वितळून खाच भरून येते.

---

तारेवरची_कसरत

काका, पाच मिमी म्हणजे अख्खं डंबेल की एका बाजूचं?

---

जुना_लाइनमन

अख्खं. आणि दोन्ही थेंब तारेच्या खाली यायला हवेत, बाजूला नाहीत. पकड सुकेपर्यंत तार साच्यावरच राहू द्या.